परक्या चुलीचे शिष्यत्व

देशाटनाची महती सांगणारा श्लोक आम्ही शाळेत पस्तीस वर्षे मुलांकडून पाठ करवून घेतला. त्यात विद्वानांचा स्नेह आहे, सभेतला वावर आहे, ग्रंथांचे वाचन आहे. परंतु स्वयंपाकघराचा उल्लेख कोठेही नाही. ही उणीव आमच्या ध्यानात आली ती सेवानिवृत्तीनंतर, आणि तीही घरातील एका सुनेमुळे. परमुलखी गेलेला मनुष्य देवळे पाहतो, राजवाडे पाहतो, खाणावळीत जेवतो आणि परत येतो. तेथील लोक सकाळी उठून काय निवडतात, काय कुटतात, काय जपून ठेवतात आणि काय टाकून देतात, हे त्यास कळत नाही. वस्तुतः एखाद्या लोकसमूहाचे शहाणपण जितके त्याच्या ग्रंथांत असते तितकेच त्याच्या चुलीपाशी असते. तेथे पाहुणा म्हणून बसणे निराळे आणि शिष्य म्हणून बसणे निराळे. या निराळेपणाविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

झाले ते असे. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव व सूनबाई नोकरीनिमित्त पुण्यास असतात. गेल्या दिवाळीच्या रजेत उभयता थायलंडास, म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीतील लोक ज्यास सयाम म्हणत त्या देशास, जाऊन आली. मुक्काम अवघा पाच दिवसांचा. त्यातील एक अख्खा दिवस सूनबाईंनी उत्तरेकडील चियांग माई या शहरी एका पाकशाळेत घालविला आणि त्यासाठी चांगले पैसे मोजले. ही वार्ता लातूरच्या आमच्या घरी पोहोचताच जी चर्चा झाली तिची कल्पना एकत्र कुटुंबात नांदणाऱ्या वाचकांस सहज येईल. "घरी चार माणसांची कणीक मळायची म्हटली की हात दुखतात, आणि परदेशी पदरचे पैसे देऊन फोडण्या घालायच्या, हा कोणता शहाणपणा?" असा वहिनींचा सवाल होता. आमचे कुटुंब म्हणाले, "अहो, पैसे घेऊन जेवू घालणारे पाहिले, पैसे घेऊन रांधायला लावणारे नवीनच!" सगळे हसले. खोटे कशास बोला, त्या हसण्यात आम्हीही सामील होतो.

मार्गशीर्षात वेळ अमावास्येसाठी सूनबाई लातूरला आल्या, तेव्हा आम्ही त्यांस त्या पाठशाळेचा सविस्तर वृत्तांत विचारला. सबंध जन्म शिकविण्यात गेल्यामुळे दुसरा कोणी कसे शिकवितो, याविषयी आम्हास कुतूहल आहे. वृत्तांत ऐकून आमचे हसणे थांबले.

तेथील पाठ चुलीपाशी सुरू होत नाही, मंडईत सुरू होतो. शिक्षिकाबाई आठ-दहा शिष्यांस, त्यात कोणी जर्मन, कोणी जपानी, बरोबर घेऊन बाजारात जातात आणि तांदळापासून आरंभ करतात. त्या देशाच्या उत्तर भागात चिकट तांदूळ खातात. तो रात्रभर भिजत घालून सकाळी बांबूच्या टोपलीत वाफेवर शिजवितात आणि हाताने लहान गोळा करून कालवणास लावून खातात. चमच्याकाट्याचे प्रस्थ तेथे नाही, हे ऐकून आमच्या घरातील वडील मंडळी बरीच निवळली. पुढे मुळे, पाने, साली यांची ओळख. आल्यासारखे दिसणारे परंतु उग्र वासाचे एक मूळ, ते म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातील कुलिंजन. आयुर्वेदात घशासाठी सांगितलेले औषध तेथे रोजच्या आमटीत पडते. आपण ज्या गवती चहाची पात उकळतो त्याचा खालचा पांढरा बुंधा ते वाटतात. आपण ज्या कोथिंबिरीची मुळे तोडून टाकतो ती मुळेच ते मुख्य मानतात.

नंतर पाकशाळेत येऊन प्रत्येकास स्वतंत्र पाट, सुरी आणि शेगडी मिळते. मसाला यंत्रात घालावयाचा नाही, खलात कुटावयाचा. त्याचाही क्रम ठरलेला: आधी कोरडे व कठीण, मग चिवट, आणि ओले शेवटी, कारण ओले आधी पडले तर कठीण जिन्नस निसटतात आणि कुटले जात नाहीत. कुटून झाले की नारळाच्या घट्ट दुधाला तेल सुटेपर्यंत त्यात मसाला परतावयाचा आणि पातळ दूध मागाहून घालावयाचे. ज्याने जे रांधले ते त्याने खावयाचे, आणि शिक्षिकाबाईंनी आपल्या हाताने केलेले सर्वांनी चाखावयाचे. हा शेवटचा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

सूनबाईंची अडचण अर्थात आहाराची होती. त्या देशात मिठाऐवजी पुष्कळ ठिकाणी माशांपासून काढलेले खारट पाणी वापरतात आणि वाटणात सुकट घालतात. वरकरणी निव्वळ भाजीची दिसणारी आमटीही त्यामुळे शाकाहारी असेलच असे नाही. सूनबाईंनी आरंभीच हात जोडून आपला नियम सांगितला. त्या बाई रागावल्या नाहीत की हसल्या नाहीत. त्यांच्या भाषेत अशा आहारास 'जे' असे नाव आहे. तो पाळणारे मांसमत्स्य तर सोडतातच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य करतात. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास नऊ दिवसांचा एक उत्सव असतो. त्या काळात असे अन्न विकणारे लोक दुकानांवर पिवळी निशाणे लावतात. बाईंनी सूनबाईंसाठी मीठ आणि सोयाबीनचे खारे पाणी निराळे काढून दिले. आपला चातुर्मास आणि नवरात्र यांचे हे सख्खे भावंड दूरदेशी नांदते आहे, याची आमच्या घरात कोणास वार्ता नव्हती.

वेळ अमावास्येच्या आदल्या सायंकाळी सूनबाईंनी ती हिरवी आमटी लातुरात केली. कुलिंजन वाळलेले मिळाले ते भिजवून घेतले. तेथील लिंबाच्या पानांऐवजी परसातील ईडलिंबाची कोवळी पाने घेतली. हा प्रकार चालू असता आमच्या काकू माजघरातून उठून स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी येऊन बसल्या.

काकूंविषयी येथे सांगितले पाहिजे. त्यांचे वय आज चौऱ्याऐंशी. आमच्या घराचे सोवळे म्हणजे काकू, अशी स्थिती आमच्या लहानपणापासून. घराबाहेर शिजलेले अन्न त्यांनी तोंडात घातल्याचे आम्ही पाहिले नव्हते. पंढरपूर असो की काशी, त्यांच्याबरोबर दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्यांचा डबा असावयाचाच. अशा काकू परदेशी आमटीविषयी काय बोलतात, म्हणून सर्वांनी कान टवकारले होते. काकूंनी विचारले ते इतकेच, "मुली, त्या बाईचा खल दगडी की लाकडी?"

सूनबाई म्हणाल्या, "आजी, मसाल्याला खल आणि बत्ता दोन्ही दगडी. पण कच्च्या पपईची कोशिंबीर करतात तिला खल मातीचा आणि बत्ता लाकडाचा."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "वाटायचे त्याला दगड, चेचायचे त्याला लाकूड. बाईला कळते."

काही वेळाने कोथिंबिरीची मुळे कुटली जाऊन त्यांचा वास सुटला, तेव्हा काकू पुन्हा म्हणाल्या, "पासष्ट वर्षे ही मुळे मी केरात टाकली. आणि कोणी सांगितले नाही."

समुद्रापलीकडील एका अनोळखी स्त्रीचे गुरुत्व चौऱ्याऐंशी वर्षांच्या सोवळ्या वृद्धेने असे दोन वाक्यांत मान्य केले. त्या रात्री आमटी सर्वांनी भाताबरोबर खाल्ली. मुलांस फार आवडली, बंधूंस तिखट लागली.

जेवणानंतर आमच्या मनात विचार आला की, आपण ज्यास 'आपले' म्हणतो ते तरी सर्व आपल्याच घरी जन्मलेले आहे काय? लातूर जिल्ह्याच्या सीमेस लागून बीदर जिल्हा आहे. तेथील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथे बाराव्या शतकात राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. इ. स. ११२९ च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्याच्या पाच विंशती, म्हणजे शंभर अध्याय. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक आहे, पूरिका आहे, वटक आहे, इडरिका व धोसकही आहेत. मांडे, पुरी, वडा, इडली, डोसा यांचे हे पूर्वज आपल्या दारापासून हाकेच्या अंतरावर रांधले जात होते. परंतु त्या राजाच्या पाकशाळेत तिखटपणासाठी मिरे आहेत, आले आहे, मिरची नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आली. आपल्या एकादशीच्या फराळातील बटाटा, भुईमुगाचे दाणे, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे चारही त्याच खंडातून आले. उपवासाच्या दिवशी आपण जे सर्वांत पवित्र मानून खातो त्यातील बहुतेक परदेशी आहे. ते कोणी कोणाच्या तरी चुलीपाशी बसून शिकले, म्हणूनच आपल्या पानात आले.

आणि न शिकता नुसती वस्तू उचलली तर काय होते, याचेही एक उदाहरण इतिहासात आहे. मका हे मेक्सिकोकडील लोकांचे धान्य. तेथील स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवीत, सकाळी धुऊन पाट्यावर वाटीत, आणि मग त्याची भाकरी थापीत. यूरोपीय लोकांनी मका नेला, परंतु त्या अडाणी समजलेल्या बायकांस 'हा चुना कशासाठी?' असे विचारले नाही. चुना मागेच राहिला. पुढे स्पेन व इटली या देशांत जे गरीब केवळ मक्यावर जगत त्यांस एक भयंकर रोग जडू लागला. कातडी काळवंडून सोलली जाई, अतिसार होई, बुद्धिभ्रंश होई आणि शेवटी मृत्यू येई. स्पेनमधील कासाल या वैद्याने १७३५ साली त्याचे वर्णन केले. इटलीत त्यास 'पेलाग्रा' असे नाव पडले. मक्यातील एक जीवनसत्त्व बद्ध स्थितीत असते, ते चुन्याने मोकळे होते, आणि त्याच्या अभावी हा रोग होतो, ही गोष्ट विज्ञानास विसाव्या शतकात उमगली. धान्य घेतले, परंतु शिष्यत्व पत्करले नाही, त्याचे मोल दोनशे वर्षे गरिबांनी दिले.

ही हकीकत आम्ही त्या रात्री माजघरात सर्वांस सांगितली. मुले झोपावयास गेली. काकू तेथेच बसून होत्या. काही वेळाने त्या म्हणाल्या, "घेणे आणि शिकणे निराळे, हे तू आज सांगतोस. मला ते ठाऊक आहे." आणि मग जे त्यांनी सांगितले ते आम्ही आजवर कधी ऐकले नव्हते.

काकूंचे माहेर वाईकडचे. १९५९ साली त्या लग्न होऊन औसा तालुक्यात आमच्या गावच्या घरी आल्या. गव्हाच्या पोळीवर वाढलेल्या मुलीस ज्वारीची भाकरी थापता येईना. त्यातच पहिली वेळ अमावास्या आली. हा सण पुण्यामुंबईच्या वाचकांस अपरिचित असण्याचा संभव आहे. मार्गशीर्षातील अमावास्येस आमच्या लातूर-धाराशिवकडील माणूस घरी राहत नाही, शेतावर जातो. कडब्याची कोप करून तीत पाच पांडव मांडून पूजा करतात, पेंढ्यावर बसून जेवतात, आणि ओळखीचा-अनोळखी जो कोणी बांधावरून जाईल त्यास हाक मारून जेवू घालतात. बोलीत या सणास येळवस म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकातही तो 'एळ्ळ अमावास्या' या नावाने होतो, तेव्हा आमचा हा सणही शेजाऱ्यांशी सामाईकच. त्या दिवसाचे पक्वान्न म्हणजे भज्जी: तूर, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे आणि रानातल्या पालेभाज्या एकत्र शिजवून त्यास ताकात कालवलेले डाळीचे पीठ लावतात. जोडीला ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यात आंबवलेले आंबील.

काकूंस यातील काहीच येत नव्हते. ते त्यांस शिकविले आमच्या वाटेकऱ्याच्या बायकोने. शेतात दोन चुली मांडल्या होत्या. एक काकूंची, आणि तीन हात अंतरावर तिची. तिने आपल्या चुलीपाशी करून दाखवावे आणि काकूंनी पाहून आपल्या चुलीवर करावे. कोणती भाजी आधी, कोणती नंतर, पीठ लावताना आच कशी मंद करावी, भाकरीचे पीठ किती कढत पाण्यात मळावे, हे सगळे तिने सांगितले. भज्जी उतरल्यावर काकूंनी आपली भज्जी तिला वाढली. तिने ती कपाळाला लावून घेतली. मग तिने आपल्या भज्जीचा द्रोण भरून काकूंपुढे धरला. "मी म्हटले, ठेव तिथे," काकू सांगत होत्या. "ती वळल्यावर तो उचलून गाईपुढे ठेवला. पण ती वळली नव्हती पुरती. तिने पाहिले. काही बोलली नाही. पुढे चौतीस वर्षे दर येळवसीला ती माझ्या शेजारी रांधायला बसली. द्रोण मात्र तिने पुन्हा पुढे केला नाही."

ती बाई ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गेली. "तिचीच भज्जी मी पासष्ट वर्षे सगळ्यांना वाढते आहे," काकू म्हणाल्या, "आणि तिच्या हातची चव मला ठाऊक नाही."

यावर कोणी काय बोलावे? आम्ही गप्प बसलो. उपनिषदांतील शिष्य गुरूकडे जाताना हातात समिधा घेऊन जात, म्हणून त्यांस समित्पाणि म्हणत. विद्या फुकट घेऊ नये, आणि गुरूच्या घरचे अन्न नाकारू नये, हे दोन्ही त्यात आले. आमच्या घराने विद्या घेतली, अन्न नाकारले. हा केवळ काकूंचा दोष नव्हे. ज्या घराने त्यांस तसे वळण लावले त्या घराचा तो दोष, आणि त्या घराचे आम्हीही वारस.

पौषाच्या आरंभी काकूंनी आपण होऊन नांदेडास जाण्याची गोष्ट काढली. त्यांची एक नणंद पूर्वी नांदेडास असे. गोदावरीच्या स्नानासाठी काकू अनेकदा तेथे जाऊन राहिल्या होत्या, आणि सचखंड गुरुद्वाराच्या वाटेवरून जाताना लंगराचा दरवळ त्यांच्या नाकात शिरलेला होता. "तिथे बाहेरच्या बायकांना रोटी लाटायला बसू देतात म्हणे," त्या म्हणाल्या. "मला बसायचे आहे." सूनबाई परदेशी जाऊन जे करून आल्या ते काकूंस घरापासून तीन-चार तासांच्या वाटेवर करावयाचे होते. जाताना त्यांनी आपल्या शेतातील तुरीची पाच किलो डाळ पिशवीत बांधून घेतली. आम्ही विचारले नाही. समिधा आम्हास ओळखू आल्या. दशम्यांचा डबा मात्र त्यांनी घेतला नाही.

अहमदपूर, लोहा असे करीत आम्ही दुपारच्या आत नांदेडास पोहोचलो. वाचकांस विदित आहेच की, शिखांचे दहावे गुरू श्रीगुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली याच ठिकाणी देह ठेवला आणि आपल्यामागे ग्रंथसाहिब हाच गुरू, असे सांगितले. सध्याचे मुख्य मंदिर पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविले. ज्या ग्रंथसाहिबापुढे तेथे मस्तक ठेवतात त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांचे नरसी गाव तेथून लांब नाही. मराठवाड्याने पंजाबास नामदेव दिला आणि पंजाबाने मराठवाड्यास हे अन्नछत्र दिले, असा हा जुना व्यवहार आहे.

गोदावरीपासून जवळच लंगरसाहिबाचा गुरुद्वारा आहे. तेथील लंगर संत बाबा निधानसिंगजींनी विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा चालू केला. पादत्राणे काढून, हातपाय धुऊन, मस्तक झाकून आत गेलो. काकूंनी डोक्यावरून पदर घेतला. तो त्यांस नवा नव्हता. डाळीची पिशवी एका सेवेकऱ्याने दोन्ही हातांनी घेतली आणि "माताजी, या" म्हणून रोटीच्या जागी नेले. आम्हास पुरुषांच्या बाजूस लसूण सोलावयास बसविले. चातुर्मासात ज्याचे नाव काढावयाचे नाही अशा लसणाची रास आमच्यापुढे होती. विधात्यास विनोद कळतो, यात संशय नाही.

लसूण सोलता सोलता आम्ही काकूंकडे पाहत होतो. त्यांच्या शेजारी जालंधरकडून आलेली एक वयस्क बाई होती आणि पलीकडे नांदेडचीच एक शीख तरुणी. ती उत्तम मराठी बोलत होती. तिने कणकेचा गोळा काकूंपुढे ठेवून म्हटले, "घ्या, पेडा." काकूंस क्षणभर वाटले, प्रसादाची मिठाई दिली! पंजाबीत उंड्यास पेडा म्हणतात, हे कळल्यावर त्या हसल्या. मग पासष्ट वर्षांच्या सवयीने त्यांनी तेल-पीठ लावून घडीची पातळ पोळी लाटली. जालंधरच्या बाईने ती कौतुकाने उचलून पाहिली, आणि मान हलविली. तिचे म्हणणे त्या मुलीने मराठीत सांगितले, "आजी, पोळी फार सुंदर आहे, पण इथे चालायची नाही. इथली रोटी भाजली की राशीत पडते. पातळ असली तर तिथे वाळून कडक होते. थोडी जाड राहिली तर आपल्याच वाफेने मऊ राहते. आणि घडी घालत बसले तर पंगत थांबते." काकूंनी पोळी मोडून पुन्हा गोळा केला आणि ती बाई दाखवील तशी रोटी लाटली. तिसरी रोटी जमली. चौथ्या रोटीस जालंधरच्या बाईने त्यांच्या पाठीवर थाप मारली. काकूंच्या पाठीवर कोणी थाप मारल्याचे आम्ही आयुष्यात प्रथम पाहिले.

लसणाच्या राशीपाशी एक वृद्ध सेवेकरी होते, त्यांच्याकडून आम्हीही एक पाठ घेतला. निहंग शिखांची एक निराळी बोली आहे. तीत हरभऱ्यास बदाम म्हणतात, कांद्यास रूपे म्हणतात, आणि मिरचीस भांडखोर बाई! रानावनात लपून राहण्याच्या दिवसांत जे मिळेल ते या लोकांनी असे मोठ्या नावाने खाल्ले. लंगरातही रोटीस रोटी म्हणत नाहीत, परशादा म्हणतात. आणि पंगतीस मात्र पंगतच म्हणतात. मूळ संस्कृत शब्द पंक्ती, तोच दोघांकडे. आमच्या धर्मशास्त्रात ज्याच्या बसण्याने पंक्ती शुद्ध होते त्यास पंक्तिपावन म्हटले आहे, आणि एकाच पंक्तीत कमीअधिक वाढणे हा पंक्तिभेदाचा दोष सांगितला आहे. एका शब्दाच्या या दोन वाटा. आम्ही पहिली घट्ट धरून ठेवली. तिसरे गुरू अमरदास यांनी दुसरीचा अर्थ शेवटास नेला, आणि भेटीस येणाऱ्याने, मग तो कोणीही असो, आधी पंगतीत बसून जेवले पाहिजे, असा दंडक घातला.

दीड तासाने आम्ही पंगतीस बसलो. काकूंच्या एका बाजूस एक मालमोटारीचा चालक, दुसऱ्या बाजूस ती जालंधरची बाई. पुढ्यात थाळी आली; डाळ वाढली, भाजी वाढली, खीर वाढली. रोटी मात्र थाळीत टाकीत नाहीत. ती प्रसाद म्हणून दोन्ही हात पुढे करून घ्यावयाची असते. वाढणारा मुलगा "परशादा, माताजी" म्हणून थांबला. आमचा श्वास थांबला होता. काकूंनी त्या जालंधरच्या बाईकडे पाहिले, ती कशी घेते ते नीट पाहिले, आणि मग आपल्या दोन्ही सुरकुतलेल्या हातांची ओंजळ पुढे केली. रोटी ओंजळीत पडली. त्यांनी ती कपाळाला लावली.

त्या जेवल्या. सावकाश, सगळे संपवून. डाळीविषयी, "हिला मोहरी नाही, तरी लागते बरी," एवढा अभिप्राय दिला. हात धुताना मात्र म्हणाल्या, "तो द्रोण असा घ्यायला हवा होता."

या हकीकतीचे तात्पर्य काढण्याची शिक्षकी सवय आम्हास सुटलेली नाही, सबब दोन गोष्टी सांगून लेख पुरा करतो. आज घरोघरची मुले देशोदेशी जातात. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले, त्यास आता अर्धशतक लोटले; तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या किती मुलींच्या पेटीत ते गेले असेल! आपले नेण्याची सोय अशी झाली आहे. दुसऱ्याचे आणावयाचे तर पुस्तक पुरत नाही, चुलीपाशी बसावे लागते. म्हणून परमुलखी गेलात तर एक दिवस कोणाच्या तरी चुलीचे शिष्य व्हावे. आपले पथ्य असेल ते आरंभीच नम्रपणे सांगावे. आमटीत माशाचे पाणी आहे काय, वाटणात सुकट आहे काय, रस्सा कशाचा आहे, हे स्पष्ट विचारावे. विचारण्यात अपमान नाही. पथ्य सांगून जे खाता येण्यासारखे असेल तेही नाकारण्यात आहे. जाताना आपल्याकडील काही न्यावे. जेथे जे केले जाते त्याचे कारण विचारावे, म्हणजे चुना मागे राहावयाचा नाही. आणि घरी येऊन तो पदार्थ कराल तेव्हा तो कोणाकडून शिकलात ते पंगतीस सांगावे.

परवा मुलांनी हट्ट धरला म्हणून काकूंनी पुन्हा भज्जी केली. वाढताना त्यांनी त्या वाटेकरणीचे नाव घेतले आणि म्हणाल्या, "ही तिची भज्जी." मुलांनी विचारले, ती कोण? काकू पानापाशीच बसल्या आणि सांगू लागल्या. त्या दिवशी जेवणे उशिरा आटोपली.